ब्लेझ पास्कल : दाबाचा हिशेब लावणारा माणूस



आठवीला बल व दाब हा पाठ शिकवताना आपण फळ्यावर लिहितो, एक न्यूटन प्रति चौरस मीटर म्हणजे एक पास्कल. मुलं वहीत उतरवून घेतात आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. पास्कल हे एका माणसाचं नाव आहे, हे बऱ्याच मुलांना वर्ष संपेपर्यंत कळत नाही. आज त्या माणसाची ओळख करून देते. वर्गात सांगता येईल अशीच सांगते. आणि हो, गोष्टीत मोटरसायकलचा क्लच येणार आहे. त्याच्याशिवाय पास्कल यांचं काम मुलांच्या हाताला लागत नाही.

आधी क्लचचं थोडक्यात बघू. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना क्लचची वायर असते. लिव्हर दाबली की वायर ओढली जाते, क्लच प्लेटा सुट्या होतात आणि गिअर पडतो. काही मोठ्या गाड्यांना मात्र ही वायर नसतेच. हँडलवर तेलाची एक छोटी डबी असते आणि तिथून एक बारीक नळी इंजिनपर्यंत गेलेली असते. हा हायड्रॉलिक क्लच. अशा गाडीची लिव्हर एखाद्या दिवशी स्पंजासारखी मऊ लागते. पूर्ण दाबूनही गिअर कुरकुरत पडतो. पहिल्या गिअरमध्ये लिव्हर धरून ठेवली तरी गाडी पुढे सरकायला बघते. गॅरेजवाला दोनदा लिव्हर दाबून बघतो आणि सांगतो, लाइनमध्ये हवा धरली आहे.

आता तेलाच्या नळीत थोडीशी हवा शिरली तर एवढं का बिघडावं? मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. याच्या उत्तरात दोन गोष्टी आहेत, एक हवा आणि दुसरी बंद भांड्यातला द्रव. या दोन्हींवर पास्कल यांनी साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी काम करून ठेवलं होतं.

गणिताला बंदी असलेलं घर

ब्लेझचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावात झाला. आज त्या शहराला क्लेरमाँ-फेराँ म्हणतात. वडील एत्येन पास्कल करखात्यातले मोठे अधिकारी आणि स्वतः चांगले गणिती. ब्लेझ तीन वर्षांचा असतानाच आई गेली. थोरली बहीण जिल्बेर्त, धाकटी जाकलीन. वडिलांनी दुसरं लग्न केलं नाही. १६३१ मध्ये तिन्ही मुलांना घेऊन ते पॅरिसला आले आणि मुलांचं शिक्षण त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. ब्लेझ कधीच कुठल्या शाळेत गेला नाही.

वडिलांचा अभ्यासक्रम ठरलेला होता. आधी भाषा पक्क्या, मग बाकीचं. गणित तर पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत मुळीच नाही. कारण आपल्याला वाटतं त्याच्या अगदी उलट होतं. गणित एकदा गोड लागलं की पोरगा लॅटिन-ग्रीक सोडून देईल, ही त्यांना भीती! घरातली गणिताची पुस्तकं त्यांनी कुलपात ठेवली होती.

मुलाने मग विचारलं की भूमिती म्हणजे काय असतं तरी काय? वडिलांनी एका वाक्यात काहीतरी सांगितलं आणि पुढे विचारायचं नाही म्हणून बजावलं. झालं. बारा वर्षांचा ब्लेझ खेळण्याच्या वेळेत फरशीवर कोळशाने आकृत्या काढत बसू लागला. त्याला शब्दही माहीत नव्हते. वर्तुळाला तो नुसतं गोल म्हणायचा आणि रेषेला काठी. असं करत करत त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी होते, इथपर्यंत तो एकटा पोचला. वडील अचानक खोलीत आले, पोरगा काय करतोय ते त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर युक्लिडचं पुस्तक कुलपाबाहेर निघालं. ही हकीकत जिल्बेर्तने लिहून ठेवली आहे. बहिणीच्या मायेची थोडी भर त्यात असणार, हे धरूनच वाचावी. पण पुढे सोळाव्या वर्षी याच मुलाने शंकुच्छेदांवर जो छोटा निबंध लिहिला, तो पॅरिसच्या मोठमोठ्या गणितज्ञांच्या हातात गेला, म्हणजे हकीकत अगदीच पोकळ नाही.

हातचा घेणारं यंत्र

१६४० च्या सुमारास वडिलांची नेमणूक रुआँ शहरात झाली. करवसुलीचा हिशेब इतका होता की ते रात्र रात्र आकडे मांडत बसत. त्यात तिथलं चलन आपल्या जुन्या रुपये-आणे-पैसारखं होतं. १२ दनिएचा एक सोल आणि २० सोलचा एक लिव्र. आपल्याकडे १२ पैचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया होता, तसंच. आजी-आजोबांना विचारा, त्या बेरजा काय चीज होत्या ते.

वडिलांचे कष्ट पाहून १९ वर्षांच्या ब्लेझने १६४२ मध्ये बेरजेचं यंत्र बनवायला घेतलं. चाकं फिरवून आकडे मिळवणं फार अवघड नव्हतं. खरी अडचण होती हातच्याची. नवावरून चाक शून्यावर आलं की शेजारचं चाक बरोबर एक घर पुढे सरकलं पाहिजे. आणि ९९९९ मध्ये १ मिळवला तर? सगळी चाकं एकमेकांना ढकलू लागली तर पहिल्या चाकावर इतका भार येईल की ते अडकेल. त्याने प्रत्येक चाकाला एक छोटा वजनदार खटका बसवला. चाक फिरताना तो हळूहळू उचलला जाई आणि शून्य आलं की स्वतःच्याच वजनाने पडून पुढच्या चाकाला ढकली. भार वाटला गेला. पन्नासच्या वर नमुने त्याने करून पाहिले. घड्याळजींना आपल्या मनातलं समजावून सांगताना त्याच्या नाकी नऊ आले. रुआँमधल्या एका घड्याळजीने तर वरवर पाहून नक्कल बनवली. दिसायला सुरेख आणि कामाला निरुपयोगी! पास्कलला त्याचा फार राग आला होता. १६४९ मध्ये राजाकडून यंत्राचा परवाना मिळाला, पण किंमत इतकी की विक्री काही झाली नाही.

तिसरी-चौथीला हातच्याची बेरीज शिकवताना मी या खटक्याबद्दल सांगते. हातचा म्हणजे शेजाऱ्याला दिलेला एक ढकला, हे मुलांना पटकन कळतं.

पारा, वाइन आणि डोंगर

आता आपण आपल्या विषयाच्या जवळ येतोय. इथून पुढे मी पास्कल यांना अहो-जाहो करते, कारण आता ते शास्त्रज्ञ झाले!

इटलीत १६४४ मध्ये टोरिचेल्ली यांच्या प्रयोगाची बातमी फुटली होती. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरायची, बोट लावून पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरायची आणि बोट काढायचं. पारा थोडा उतरतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो. वर रिकामी जागा राहते. त्या जागेत काय आहे? त्या काळचे बहुतेक विद्वान म्हणत, काहीतरी असणारच, कारण निसर्गाला पोकळी सहन होत नाही. हे दोन हजार वर्षांपासून चालत आलेलं मत होतं.

रुआँमध्ये काच चांगली बनत असे. पास्कल यांनी ४६ फूट लांबीच्या काचेच्या नळ्या बनवून घेतल्या, त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या आणि लोकांसमोर एकीत पाणी, एकीत लाल वाइन भरून उभ्या केल्या. वाइनच का? विरोधक म्हणत होते की वरच्या जागेत द्रवाची वाफ भरलेली असते आणि ती द्रवाला खाली ढकलते. वाइन तर पाण्यापेक्षा लवकर उडते. म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाइन पाण्यापेक्षा खाली उभी राहायला हवी होती. ती वर उभी राहिली. वाइन पाण्यापेक्षा हलकी असते, तेव्हा वजनाचा तोल साधायला तिचा स्तंभ उंच लागतो, इतकं सरळ ते होतं. दोन मतांपैकी कुठलं खरं हे ठरवायला, दोन्हींची उत्तरं वेगळी येतील असाच प्रयोग निवडायचा, ही त्यांची रीत मला फार आवडते.

पण वजन कोणाचं? पाऱ्याला वर तोलून धरणारी बाहेरची हवा असेल, तर डोंगरावर ती कमी असेल आणि पारा तिथे खाली यायला हवा. पॅरिस सपाट, आणि पास्कल आजारी. त्यांनी क्लेरमाँला राहणारे जिल्बेर्तचे यजमान फ्लोराँ पेरिए यांना पत्र लिहिलं. गावाजवळ पुय द दोम नावाचा जुना ज्वालामुखी आहे, १४६५ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा बुटका.

१९ सप्टेंबर १६४८ च्या सकाळी पेरिए आणि गावातली काही जाणती मंडळी एका मठाच्या बागेत जमली. दोन नळ्या भरल्या. दोन्हींत पारा सारख्याच उंचीवर. मग एक नळी तिथेच ठेवली आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला मठातले एक साधू बसवले. दुसरी घेऊन मंडळी डोंगर चढली. वर पारा तीन इंचांपेक्षा जास्त खाली होता, आजच्या मापात सुमारे साडेआठ सेंटिमीटर. पेरिए यांनी शिखरावर उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात असं वेगवेगळ्या जागी मोजून पाहिलं. आकडा तोच. उतरताना अध्येमध्ये मोजलं, तर पारा मधल्या उंचीवर. खाली आल्यावर साधूंना विचारलं, त्यांची नळी दिवसभर हललीसुद्धा नव्हती.

शिक्षक मित्रांनो, पाठ्यपुस्तकात डोंगरावरच्या नळीचं चित्र असतं. खाली बागेत ठेवलेल्या त्या दुसऱ्या नळीबद्दल मुलांना मुद्दाम सांगा. ती नसती तर कोणीही म्हटलं असतं की आज हवामानच बदललं असेल. पास्कल यांनी मग स्वतः पॅरिसमधल्या साँ-झाक चर्चच्या मनोऱ्यावर चढून तोच प्रयोग लहान प्रमाणात केला आणि तिथेही किंचित फरक मिळाला. हवेबद्दलच्या त्यांच्या ग्रंथात आणखी एक छान गोष्ट आहे. अर्धवट फुगवलेला फुगा डोंगरावर नेला की तो फुगत जातो आणि खाली आणला की पुन्हा सैल पडतो. म्हणजे हवा दाबली जाते आणि दाब कमी झाला की पसरते. ही फुग्याची गोष्ट लक्षात ठेवा, क्लचच्या नळीत ती लागणार आहे.

एक माणूस आणि शंभर माणसं

१६५३-५४ च्या सुमारास पास्कल यांनी द्रवांच्या समतोलावर ग्रंथ लिहिला. त्यातली कल्पना अशी. पाण्याने काठोकाठ भरलेलं बंद भांडं घ्या. त्याला दोन तोंडं, एक दुसऱ्यापेक्षा शंभर पट मोठं. दोन्हींत घट्ट बसणारे दट्टे. लहान दट्ट्यावर एका माणसाने जोर लावला तर मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांच्या जोराची तो बरोबरी करतो. कारण बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब तितकाच सगळीकडे पोचतो. मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ शंभर पट, म्हणून बळही शंभर पट.

मग हे बळ फुकट मिळालं का? नाही. पास्कल यांनी तेही तिथेच मांडलं आहे. लहान दट्टा शंभर इंच सरकेल तेव्हा मोठा एक इंच सरकेल. बळ वाढलं तेवढं अंतर घटलं. तरफेचा नियम पाण्यातही तसाच लागू आहे.

आता चला पुन्हा गाडीकडे. लिव्हर दाबली की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन तेलाला ढकलतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला, इंजिनजवळ, स्लेव्ह सिलिंडरचा मोठा पिस्टन असतो. तो जास्त जोराने पण कमी अंतर सरकतो आणि क्लच प्लेटा सुट्या करतो. लिव्हरच्या एका दाबात जे तेल सरकतं ते चहाचा चमचाही भरणार नाही इतकं थोडं असतं. आता त्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला आहे असं समजा. तेल दाबलं जात नाही, पण बुडबुडा दाबला जातो, डोंगरावरून खाली आणलेल्या त्या फुग्यासारखा. चमचाभरही नसलेलं ते तेल बुडबुड्यालाच लहान करण्यात खर्ची पडतं. पलीकडचा पिस्टन पुरता सरकत नाही, प्लेटा चिकटलेल्याच राहतात, गिअर कुरकुरतो.

हे वर्गात दाखवायला गॅरेज लागत नाही. सुई काढलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक बारीक आणि एक जाड. मध्ये मत्स्यपेटीची किंवा सलाईनची बारीक नळी. बादलीतल्या पाण्यात बुडवूनच भरा, म्हणजे हवा राहत नाही. बारीक सिरिंज एका मुलीला द्या आणि जाड सिरिंज वर्गातल्या सर्वांत दणकट मुलाला दाबून धरायला सांगा. मुलगी जिंकते आणि वर्ग डोक्यावर घेतला जातो! दोघांचे दट्टे किती सरकले ते पट्टीने मोजायला लावा. व्यास दुप्पट असेल तर क्षेत्रफळ चौपट, हेही तिथेच निघतं. मग नळीत थोडी हवा घ्या आणि पुन्हा दाबा. मुलांच्या बोटांना तो मऊपणा कळतो. हवा धरली म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही.

ज्या पालकांकडे अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी थोडं पुढचं. लिव्हर मऊ झाली की थेट पार्ट बदलायला सांगू नका. आधी डबीतली पातळी बघा. कमी झाली असेल तर तेल कुठूनतरी गळतंय, नळीच्या जोडांवर आणि स्लेव्ह सिलिंडरपाशी ओल आहे का ते पुसून तपासा. पातळी ठीक असेल तर तेलाचा रंग बघा. या गाड्यांत बहुधा ब्रेक ऑइलच असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. जुनं तेल काळपट होतं. गाडी थंड असताना क्लच चांगला आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन तापल्यावर मऊ, असं होत असेल तर तेलात उतरलेल्या पाण्याची वाफ होत असण्याची शक्यता मोठी. कुठे ओल नाही, पण लिव्हर धरून ठेवली की हळूहळू आपोआप हँडलकडे जाते? मग मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलेलं असू शकतं. आणि लिव्हर कडक आहे पण ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग घेत नाही, तर क्लच घसरतोय. तिथे हवा काढून उपयोग नाही. प्लेटा झिजल्या असतील, किंवा तेल डबीत परत जायचं बारीक भोक तुंबलं असेल आणि लिव्हर सोडल्यावरही नळीत दाब शिल्लक राहत असेल.

हवा काढताना लिव्हर दाबून धरतात, खालचा निपल उघडतात, बुडबुडे आणि तेल बाहेर येऊ देतात, निपल बंद करतात आणि मगच लिव्हर सोडतात. क्रम चुकला तर उलट हवा आत ओढली जाते. मध्येच डबी रिकामी होऊ द्यायची नाही. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल घाला, कारण काही गाड्यांत वेगळं मिनरल ऑइल असतं आणि एकाच्या जागी दुसरं गेलं तर रबरी सीलं खराब होतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंगही उडतो.

यात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते. पेरिए यांनी बागेत ठेवलेली ती नळी आठवते ना?

नंतरची वर्षं

१६५१ मध्ये वडील वारले. पुढच्या जानेवारीत जाकलीन पोर-रोयालच्या मठात दाखल झाली. पास्कल यांना ते मुळीच नको होतं. आजारपणात तीच त्यांचा आधार होती. १६५४ मध्ये त्यांनी फर्मा यांच्याबरोबर पत्रांतून जुगाराच्या डावाचा एक हिशेब सोडवला. खेळ अर्ध्यावर थांबला तर पैसे कसे वाटायचे? त्यातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. पण त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्यांना एक खोल धार्मिक अनुभव आला. त्याची नोंद त्यांनी कागदावर केली आणि ती कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली. मृत्यूनंतर नोकराला ती सापडली. त्यानंतर विज्ञान जवळजवळ सुटलं. धर्मचिंतन, वादाची पत्रं, आणि पुढे पाँसे या नावाने छापलेली टिपणं, हेच त्यांचं काम झालं. द्रवांवरचा ग्रंथ तयार होता, पण तो छापायची त्यांना घाई राहिली नाही. मला हे वाचताना चुटपुट लागते. पण आयुष्य त्यांचं होतं.

अगदी शेवटी मात्र एक गंमत झाली. १८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळी, पाच सोल भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. गाडी भरलेली असो वा रिकामी, सुटायची. आजच्या एसटीचीच कल्पना, आणि ती पास्कल यांची. त्यातला आपल्या वाट्याचा पैसा त्यांना गरिबांसाठी द्यायचा होता.

पाच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, जिल्बेर्तच्या घरी पास्कल गेले. वय ३९. पुढच्या वर्षी, १६६३ मध्ये, द्रव आणि हवा या दोन्हींवरचे ग्रंथ छापून आले. ते छापवून घेतले फ्लोराँ पेरिए यांनी, पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढलेल्या त्याच मेहुण्याने.